दोन पाटे जास्तीचे

धर्मराज : तात्याबा, मोटारीखालच्या कमानीत आणखी लोखंडी पाटे कावून घालायलाव? सहाच व्हते की.

तात्याबा : सहा व्हते म्हणून तर दोन मोडले. टांग्याच्या जुन्या कमानीचं लोखंड हाय, आता आठ करतो. मागच्या चाकांवर डोंगर ठिवला तरी हालायची न्हाई मोटार.

धर्मराज : मला डोंगर न्यायचा न्हाई, आईला न्यायचंय बीडच्या दवाखान्यात. मांडीचं हाड मोडलंय तिचं. काल बैलगाडीत घातलं, तर वेशीपातूरच्या हादऱ्यानं बेशुद्ध पडली.

तात्याबा : म्हणूनच मजबूत करतो. भगवानराव मालकाची मालमोटार, मधीच बसली तर?

धर्मराज : मालकांनी मोटार दिली, हेच लई झालं. पण नवी कमान हैदराबादहून यायला पंधरा रोज. तुमचं घिसाड्यांचं पाल वडवणीत नसतं तर मी काय केलं असतं, मलाच ठावं न्हाई.

ताराबाई : ते बोलणं राहू द्या, दादा. घण मारून माझे खांदे गेलेत. अवं, हा लाल झालेला पाटा पाण्यात नका घालू बरं.

तात्याबा : मग कशात? इळे, कुऱ्हाडी जल्मभर पाण्यातच बुडवल्या मी.

ताराबाई : अन् सकाळचा पाटा बी पाण्यातच बुडवला. बांगडीसारखा फुटला. हे घ्या करडीचं तेल.

धर्मराज : बाई, हे तर तुमचं सगळं गाडगं हाय. घरात काय खाल?

ताराबाई : कोरडी चटणी खाऊ आठ दिस. तुमी बुडवा हो.

(पाटे तेलात निवतात. कमान बांधून मोटारीखाली बसवली जाते.)

तात्याबा : झालं. आणा म्हातारीला.

ताराबाई : थांबा. आधी मी झोपते मागं, कडब्यावर. दादा, वढ्यातल्या गोट्यांवरून फिरवून आणा मला.

तात्याबा : येड लागलं का तुला?

ताराबाई : गाढवावर वझं टाकायच्या आधी तुमी पाठ चाचपता का न्हाई? तसंच समजा. चला, दादा.

तात्याबा : जा बाबा, घेऊन जा तिला. ऐकायची न्हाई ती.

(मोटार ओढ्यातून फिरून परत येते.)

धर्मराज : आलो, तात्याबा. बाई, उतरा. डोळ्यात पाणी कावून?

ताराबाई : माझ्यासारख्या धडधाकट बाईचे दात वाजले. म्हातारी वढ्यातच जाईल.

तात्याबा : म्हंजे माझं काम कच्चं?

ताराबाई : लई पक्कं हाय, तिथंच चुकलं. तुमाला बैलगाडीची सवय, मजबूत तेवढं चांगलं. कमान लवाया पायजे. जास्तीचे दोन पाटे काढा.

तात्याबा : काढतो. माझंच चुकलं, धर्मराज. मी खालून चाकच बघत बसलो, वर कोण निजणार ते ध्यानातच घेतलं न्हाई. पाना दे इकडं.

धर्मराज : असं म्हणू नका. सकाळपासून भाता, घण, भाकरीला बी उठला न्हाईत तुमी दोघं. सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं.

तात्याबा : भाऊ तुझा शेती करत असंल. त्याला लोखंड काय कळतं. पाना दे.

ताराबाई : हे पाटे काढूस्तर तुमी म्हातारीला उचलून आणा, दादा. मी तिच्यासंगं मागं बसते, मांडी धरून. सांजच्याला परत आणून सोडा मला.

धर्मराज : येताव तुमी? खरंच?

ताराबाई : मग तुमी मोटार हाकणार का आई धरणार?

(दोन पाटे निघतात. म्हातारीला मागं निजवून मोटार बीडकडे निघते.)

धर्मराज : बाई, वढा पार झाला. आई वरडली बी न्हाई. बोलंना कावून? मोटार थांबवू का?

ताराबाई : थांबवू नका. हळू बोला. झोप लागलीय त्यांना.

धर्मराज : झोपली? पडल्यापासून चार रात डोळ्याला डोळा न्हाई तिचा. बाई, तुमचे उपकार मी...

ताराबाई : ते बीडात बोला. आवाजानं जाग्या व्हतील.

धर्मराज : बरं. समोर गुरं आली तरी भोंगा न्हाई वाजवत. उतरून हाकलीन.