बॅटरीवरची कळशी

रखमाजी : फोटो कुणी काढला ते सांग आधी. चहा मागनं पी.

मारुतराव : कुणी का काढंना रखमा, फोटोत तूच हायेस ना? यवतच्या दुकानापुढं बॅटरीच्या सायकलीवर बसून दात काढतूयास. परवापासनं गावाच्या ग्रुपवर फिरतोय. देवस्थान कमिटीचा अध्यक्ष म्हणून मला किती फोन आले ठाऊक हाय?

रखमाजी : मंग काय रडत बसू सायकलीवर? चाळीस वरसं यवतच्या डेअरीला सायकलीवर दूध घातलं मी. दोन बाजूला दोन कॅन. तवा न्हाई कुणी फोटो काढला. सदुसष्टाव्या वर्षी एका नव्या सायकलीवर बसून बघितलं तर गावाच्या पोटात दुखाय लागलं.

म्हाळसा : हळू बोला जरा. भावजी, चहा निवतोय. घ्या.

मारुतराव : वैनी, मी भांडाय न्हाई आलो. समजूत काढाय आलोय. बिरोबाची जत्रा आठ दिसांवर आली. काल बैठक झाली. त्यात सर्वानुमते असं ठरलं की औंदा नदीचं पाणी हृतिक आणील.

रखमाजी : सर्वानुमते. आन् पाण्याचा मान ज्याच्या घरात तीन पिढ्या हाय, त्याला बैठकीचा निरोप बी न्हाई.

मारुतराव : निरोप धाडला असता तर तू आला असतास आन् भांडला असतास.

रखमाजी : भांडलोच असतो. हृतिक कोण? तुझा पुतण्या. पुण्यास्नं एकवीस गेरची सायकल आणली त्यानं, तंग चड्डी घालून हिंडतो. गेर चालतोय देवाला, बॅटरी चालत न्हाई. आपला तो बाब्या आन् दुसऱ्याचं ते कार्टं.

मारुतराव : गेर म्हंजी पायाचंच बळ झालं. बॅटरी म्हंजी लाइट. लाइटीवर आणलेलं पाणी देवाला कसं घालायचं? लोकांच्या भावना हायेत.

रखमाजी : भावना. देवळात आरतीला नगारा कोण वाजवतंय मारुतराव?

मारुतराव : त्याचा हितं काय संबंध?

रखमाजी : सांग की. पयलं नामू वाजवायचा. तो गेला आन् तुमी भिंतीला मशीन ठोकलं. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा, समदं आपोआप. लाइट गेली की आरती मुकी. ते देवाच्या कानाला चालतंय. आन् मी भीमेपासनं बावीस किलोमीटर पाय मारत आणलेलं पाणी चालत न्हाई.

मारुतराव : पण पाय कुठं मारणार हायेस तू? ती आपोआप पळती म्हणं.

रखमाजी : कोण म्हणं? बसलायस कधी? उचलली जीभ लावली टाळ्याला. मला बी असंच वाटायचं. खरं सांगू, मी टिंगल करायलाच गेलतो त्या दुकानात. म्हणलं, बघावं तरी ही फटफटीची सावत्र बहीण कशी असती ती. दुकानवाल्याची पोरगी हाय, शितल. ती म्हणली, आबा, बोलू नगा, बसा. हायवेच्या कडंनं टोलनाक्याकडं एक चक्कर मारून या.

म्हाळसा : आन् हे तासाभरानं आले म्हणं.

रखमाजी : तासाभरानंच आलो. मारुतराव, ती पायडल मारल्याबिगर हलत न्हाई. आपण मारू तेवढाच ती हात लावती. चढाला पाठीमागनं कुणी हात लावावा, तसं वाटतंय. घाम येतोय, दम बी लागतोय. निस्ता गुडघा बोंबलत न्हाई. आन् लगीच भुललो असं बी न्हाई. जड हाय ती, लई जड. चार्जिंग संपलं की रेडकू वढत न्हेल्यावाणी वाटतं. ते बी बघितलं मी, मुद्दाम बंद करून. पोरीला इचारलं, आमच्याकडं लाइटीचा भरवसा न्हाई, मंग काय करू? कळशी बांधायला क्यारेज कितपत सोसंल? जायचं यायचं चव्वेचाळीस किलोमीटर एका चार्जिंगमधी व्हतंय का? ती म्हणली, आबा, एवढं इचारणारं गिऱ्हाईक आजवर न्हाई आलं.

मारुतराव : हे समदं ठीक हाय. तू दुधाला वापर, बाजाराला वापर, कोण नको म्हणतंय? पण जत्रेची पद्धत वेगळी. पत्रिकाच छापून आलीय. बघ, ही. 'पारंपरिक सायकल जलयात्रा.'

रखमाजी : म्हाळसे, ऐकलंस? पारंपरिक. माझी सायकल परंपरा झाली.

मारुतराव : व्हय, झालीच की. बेचाळीस-त्रेचाळीस वरसं झाली.

रखमाजी : आन् त्या परंपरेच्या पयल्या दिशी तुझ्या वडलांनी माझं काय केलं व्हतं ते छापलंय का पत्रिकेत?

मारुतराव : जुनी मढी कशाला उकरतोस?

रखमाजी : उकरणार. माझा बाप अनवाणी जायचा. रातीचा निघायचा, खांद्यावर कळशी, भुईला टेकू द्यायची न्हाई. त्या साली त्याच्या टाचंत बाभळीचा काटा मोडला, पाय ह्यो एवढा सुजला. मी इशीतला. कळशी क्यारेजला ट्यूबनं बांधली आन् आणली. तुझे आप्पा येशीत आडवे झाले. म्हणले, देवाचं पाणी लोखंडाच्या घोड्यावर? माघारी घेऊन जा. चार तास मी उन्हात सायकल धरून हुभा. स्टँड लावला न्हाई, कळशी टेकली असं म्हणतील म्हणून.

म्हाळसा : मी नवी नवरी व्हते तवा. तांब्या घेऊन गेले तर आप्पा मला बी वरडले.

रखमाजी : शेवटाला पुजारी म्हणला, पाणी नदीचं हाय का? व्हय. कळशी टेकली का? न्हाई. मंग देवाला पायाशी काय करायचंय? तवा कुठं आप्पा बाजूला झाले. ज्या लोखंडाच्या घोड्याला तुझ्या बापानं शिव्या घातल्या, तो आज परंपरा. आन् तू आज माझ्या म्होरं तसाच आडवा हुभा हायेस. तीच मिशी, त्योच आवाज.

मारुतराव : माझ्यावर राग काढू नगंस. मी एकटा न्हाई. कमिटीत अकरा माणसं हायेत.

रखमाजी : अकरा माणसांतलं एक तरी नदीला गेलंय का कधी? जलपर्णी हातानं सारून, ढोपरभर चिखलात हुभं राहून कळशी बुडवलीय का कुणी? समदे देवळात खुर्च्यावर. पाणी आलं का, पाणी आलं का.

मारुतराव : मंग मला एक सांग. एवढी वरसं साध्या सायकलीवर आणलंस ना? गेल्या साली बी आणलंस. वेळंवर आलास, मीच हार घातला तुला. औंदा एकदा आण तशीच. म्होरल्या साली बघू. मी कमिटीला समजावतो. मान तुझ्याच घरात राहील. एवढं तर ऐकशील?

म्हाळसा : व्हय म्हणा की. भावजी एक पाऊल मागं आलेत.

रखमाजी : न्हाई.

मारुतराव : का? आता माझं काय चुकलं? मी वाकतोय तरी तू ताठच.

रखमाजी : ताठ न्हाई रं. साध्या सायकलीवर न्हाई येणार आता.

मारुतराव : मंग हृतिकला दे. त्याचे पाय धड हायेत. सरळ सांग, मला व्हत न्हाई. त्यात लाज कसली?

रखमाजी : लाज त्यात न्हाई.

मारुतराव : मंग कशात हाय?

(रखमाजी कपातला चहा अंगणात ओततो आणि कप पालथा घालतो.)

रखमाजी : गेल्या साली तू देवळात काय म्हणला व्हतास, आठवतंय? पाण्याचा तांब्या तोंडाला लावलास आन् म्हणलास, रखमा, औंदाचं पाणी लई गार हाय, लई ग्वाड हाय.

मारुतराव : म्हणलो असंन. त्याचं काय?

रखमाजी : ते तुझ्या बोअरचं व्हतं.

मारुतराव : काय बोलतोयस?

रखमाजी : खिंडीच्या चढाला गुडघा गेला. उतरून ढकलायला गेलो तर पाय धरंना. सायकल कलंडली, कळशी सुटली, घरंगळत नाल्यात गेली. एक थेंब राह्यला न्हाई आत. मी तिथंच फुफाट्यात बसलो. म्होरं देवळात ढोल वाजत व्हता, समदी वाट बघत व्हती. माघारी नदीला जावं तर दुपार झाली असती. आन् शेजारी तुझ्या रानात मोटार चालू. पाइपातनं धो धो पाणी पडत व्हतं. मी कळशी धुतली, भरली, बांधली आन् आलो. तू हार घातलास. मी मान खाली घालून घेतला. लोकांस्नी वाटलं, रखमाजी दमला.

मारुतराव : लाइटीचं पाणी घातलं देवाला.

रखमाजी : व्हय. मीच घातलं. नदीचं म्हणून घातलं. तवापासनं एक वरीस मी देवळाच्या पायरीच्या वर गेलो न्हाई. तुमास्नी वाटलं गुडघं दुखत्यात. आता जा, टाक ग्रुपवर. अकरा माणसांस्नी सांग. पण एवढं बी सांग की म्हातारा थेरं करायला त्या दुकानात गेला न्हवता. औंदा कळशी नदीपासनं देवळापतुर खरी जायला पायजे, एवढ्यासाठी गेलता. एकदा. मंग मान कुणाला बी द्या.

मारुतराव : हे आजवर कुणाला बोललास?

रखमाजी : कुणाला न्हाई. हिला बी न्हाई.

म्हाळसा : मला ठाऊक हाय.

रखमाजी : तुला? तुला कुणी सांगितलं?

म्हाळसा : कळशीनं. जत्रंच्या दुसऱ्या दिशी कळशी मीच घासते ना? दर साली तळाला चिमूटभर वाळू निघती. नदीची. मी ती तुळशीत टाकते. गेल्या साली तळ कोरा व्हता. आन् कुशीला हितं पोचा आलेला. हात फिरवला आन् समजले.

रखमाजी : वरीसभर बोलली न्हाईस.

म्हाळसा : तुमी सांगाल म्हणून वाट बघितली. यवतला शितलच्या दुकानात जा, नुसतं बघून या, असं मी तीनदा का म्हणले? मला काय सायकलीची हौस आलीया?

मारुतराव : वैनी, मी आता बैठकीत काय तोंड घेऊन सांगू? बोअरचं सांगितलं तर ह्याची अब्रू जाईल. न्हाई सांगितलं तर कमिटी बॅटरीला हो म्हणणार न्हाई.

म्हाळसा : बोअरचं सांगायचं का न्हाई ते तुमी दोघं बघा. चार तास उन्हात हुभं केलेलं माणूस हाय ते, अब्रूचं त्याला ठाऊक हाय.

मारुतराव : मंग कमिटीला काय सांगू?

म्हाळसा : सांगा, कळशी मी घासते. औंदा तळाला वाळू निघंल.