विहिरीवरचा दगड आणि आप्पांचा लाल हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे नवनिर्वाचित सरपंच श्री. जयसिंगराव, दौंडहून केडगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढं धूळ खात बैलगाडीनं आलेले पंचायत समितीचे सभापतीसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मावळते सरपंच हौसराव आप्पा, समोर सतरंजीवर बसलेले वडीलधारे, आणि भिंतीकडेला बसून माझ्याकडं आधीच संशयानं बघणाऱ्या माझ्या मायबहिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. शाळामास्तराला दोन शब्द सांगणं म्हणजे बैलाला दोन काड्या दाखवणं, हे संयोजकांना कळायला हवं होतं. आता भोगा.

निरोप समारंभात मावळत्या माणसाला देवमाणूस म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. आप्पा देवमाणूस नाहीत. आप्पांनी एकदा देव तयार केला होता, तेवढा एक अनुभव त्यांना आहे, आणि तो त्यांच्या चांगलाच अंगाशी आला. सभापतीसाहेब पाहुणे आहेत, म्हणून मुळापासून सांगतो. गावकऱ्यांनी हे पुन्हा ऐकावं, कारण प्रत्येकानं ते आपापल्या सोयीनं लक्षात ठेवलं आहे.

चावडीपुढची विहीर आपण सगळे बघतो. छप्पन्न सालच्या उन्हाळ्यापर्यंत तिचं पाणी गावातल्या काही घरांनाच मिळायचं. कायदा झाला होता, पण कायदा पुण्याहून निघून आमच्याकडं पायी येतो. त्या उन्हाळ्यात वेशीबाहेरच्या वस्तीतल्या तानुबाई हंडा घेऊन एकट्या विहिरीवर आल्या. आप्पा तिथं काठी टेकून उभे होते. सगळा गाव बघत होता. तानुबाई म्हणाल्या, "आप्पा, जरा सरका. पानी उडंल अंगावर." आणि आप्पा सरकले.

झालं. एवढाच आमच्या गावचा लढा. दुसऱ्या दिवशी आमच्यातले काही तत्त्वनिष्ठ लोक मळ्यातल्या आडाचं पाणी आणू लागले. महिन्याभरात आड आटला. तत्त्वं आटली नाहीत, पण ती घरी ठेवून मंडळी हंडे घेऊन परत विहिरीवर आली. अध्यक्षमहाराज हसले, म्हणजे त्यांच्या घरचा हंडाही त्यांना आठवला असावा.

पुढं शाळेतल्या आम्ही काही जणांनी ठरवलं की विहिरीवर याची खूण राहावी. पाबळकडच्या लालमहंमद पाथरवटाकडून दगड घडवला. त्यावर मजकूर माझा: 'छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात तानुबाईंनी या विहिरीवर पहिला हंडा भरला. विहीर सर्वांची झाली.' दगड बसला आणि आप्पांच्या भावकीच्या पोटात दुखू लागलं. विहीर आमच्या आज्यानं खणली, दगडावर आज्याचं नाव हवं, असं त्यांचं म्हणणं. आज्यानं खणली तेव्हा खाली उतरून पहार कुणी मारली, असं विचारलं की बैठक तहकूब व्हायची.

शेवटी पंचायतीत ठराव आला. ओट्याच्या दुरुस्तीसाठी दगड तात्पुरता हलवावा. सभापतीसाहेब, तात्पुरता हा शब्द आपल्याला माहीत आहे. तात्पुरत्या गेलेल्या वस्तू परत आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. सरपंचाच्या खुर्चीवर आप्पा होते. एका बाजूला भावकी, दुसऱ्या बाजूला मन. ते गप्प बसले. ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी पहारी घेऊन विहिरीवर गेले आणि जागच्या जागी थांबले. दगड वरपासून खालपर्यंत शेंदरानं लाल. रुईच्या पानांची माळ, पुढं नारळ, उदबत्तीचा धूर. गड्यांनी पहारी खाली ठेवून हात जोडले. देवाला पहार कोण लावणार? आपले आजचे अध्यक्ष ठराव अमलात आणायला जातीनं हजर होते. त्यांनीही पायताण काढलं. मी स्वतः पाहिलं. मी मुसलमान माणूस, शेंदराच्या भानगडीत पडायचं नाही म्हणून लांब उभा होतो, पण लांबून जास्त चांगलं दिसतं.

दगड वाचला, म्हणून मनातल्या मनात मी खूष झालो. तेवढ्यात तानुबाई आल्या. त्यांनी दगडाकडं पाहिलं.

"माजं नाव कुठं गेलं?"

कुणीतरी म्हणालं, "तानुबाई, आता तिथं देव बसला."

"देव मी कवाच सोडले," त्या म्हणाल्या. "बुद्धाची वाट धरली. आन् तुम्ही माज्याच नावावर देव बसवला व्हय?"

आप्पा एका बाजूला उभे होते, दोन्ही हात पाठीमागं. सकाळपासून तसेच. तानुबाई सरळ त्यांच्या मागं गेल्या. उजवा हात मनगटापर्यंत लाल.

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हळूच म्हणाले, "अगं, दगड ऱ्हावा म्हणून केलं. देवाला कोन हात लावनार?"

"दगड ऱ्हायला. नाव गेलं न्हवं का? ऱ्हावा वाटत व्हता, तर काल मीटिंगमधी तोंड उगडायचं व्हतं. तवा का गप बसला?"

आप्पांनी लाल हात पुन्हा पाठीमागं नेला. हा सवाल आम्हालाही होता, कारण शेंदराची युक्ती आम्हा सगळ्यांनाच भलती आवडली होती. कुणाशी वाईटपणा नाही, आणि काम फत्ते. तानुबाईंनी चुलीतली राख आणि काथ्या आणला, हंडाभर पाणी शेंदलं आणि दगडाला हात घातला. मागून आवाज आला, "ए, देवाला शिवू नगंस."

मंडळी, हे वाक्य त्या विहिरीवर बऱ्याच वर्षांनी ऐकू आलं. कुणाचं होतं ते मी सांगणार नाही. सत्काराचा प्रसंग आहे. पण ते ऐकून आप्पांना काय झालं कुणास ठाऊक. ते पुढं झाले, तो लाल हात सगळ्या गावाला दाखवला आणि म्हणाले, "द्येव न्हाई त्यो. म्या लावलाय शेंदूर. दगड तानुबाईचा हाय, आन् हितंच ऱ्हानार."

आणि धोतर खोचून राख घेऊन घासायला बसले. तानुबाईंनी दया दाखवली नाही. "खालनं बी घासा," म्हणाल्या. शेंदूर तेलातला, कोरलेल्या अक्षरांत बसलेला काही निघाला नाही. त्यामुळं पूर्वी जवळ जाऊन वाचावा लागणारा मजकूर आता शिरूरच्या बाजाराला निघालेल्या गाडीतूनही वाचता येतो. शुद्धलेखन बिनचूक आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो.

पुढच्या बैठकीत आप्पा भावकीच्या समोर उभं राहून हेच बोलले. ठराव बारगळला. मग निवडणूक आली आणि आप्पा पडले. कुणामुळं पडले, हे त्यांच्या घरच्या पंगतीत कोण कोण बसत होतं ते आठवलं की कळतं. निकालाच्या दिवशी ते पारावर एकटेच बसले होते. तानुबाई तिथं थांबल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, पडलात. पर तोंड उगडून पडलात." आप्पांना आज शाल मिळेल, नारळ मिळेल. याहून मोठा सत्कार आपल्याकडून होणार नाही, आप्पा. मला तुमचा फार अभिमान वाटतो. हे थट्टेत नाही, मनापासून सांगतो.

भाषण लांबलं. सभापतीसाहेबांनी धुळीतून येऊन ते सोसलं, मायबहिणींनी उद्याचा स्वयंपाक मनात करत का होईना ऐकलं, सगळ्यांचे आभार. कुणाला काही लागलं असेल तर वयाकडं बघून मला पदरात घ्या.

जाता जाता अध्यक्षांना एक विनंती. विहिरीच्या ओट्याची दुरुस्ती पुन्हा निघाली आहे आणि दगड तात्पुरता हलणार आहे, असं कानावर आलं. जयसिंगराव, माझ्यानंतर तुमचंच भाषण आहे. तानुबाई पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. दगड राहणार की जाणार, तेवढं त्यांच्याकडं बघून तोंडानं सांगा.