वानवळ्याचा शब्द

हॅलो?… मोहिनी का? अगं मी शिवकांता, चौसाळ्याहून… हो, जेवले. ते सोड तू… न्हाई, आवाज चढलेला न्हाई माझा. असाच हाय तो.

एक विचारू? असोशी म्हंजे काय गं?

… कुठं ऐकला म्हणतीस?

काल करिष्मा इकडं चौसाळ्याला आलती, आमच्या दुकानात. तुझी सून, दुसरी कोण! खोबरं घेता घेता म्हणती, "मावशी, आमच्या सासूबाई अन् शेजारच्या मंगलबाई दुपारभर असोशी, असोशी करत हसत असतात." मला वाटलं, आजार हाय का काय कुठला… हसू नको. मी हसत न्हाई.

… ओढ? अनावर ओढ?… बरं. कळलं. पण हा शब्द मंगलबाईला ताजा ताजा मिळाला अन् मला शिळा, तोही खोबऱ्याच्या पुडीसंगं.

हो, हो… अगं ऐक ना. कादंबरी दोघींनी एकदमच घेतली का न्हाई? एक तुला बीडला, एक मला इथं. रोज थोडं वाचायचं अन् नवा शब्द घावला की आधी एकमेकीला सांगायचा. ठरलं होतं ना?… यंदा न्हाई गं, शाळेत होतो तवापासून ठरलंय! आमच्या ओट्यावर शेंगा फोडत एकाच पुस्तकात दोघींची डोकी असायची. तूच म्हणालीस, "पहिल्या शेंगा, पहिली कणसं आपण जवळच्या घरी वानवळा धाडतो ना, मग नवा शब्द पण आधी तुला." अन् वानवळ्याची वाटी रिकामी परत द्यायची नसती, म्हणून मी उलटा एक शब्द द्यायची.

लग्न होऊन बीडला गेलीस तरी मोडलं न्हाई. एसटीच्या कंडक्टरकडून 'हुरहूर' धाडलीस एकदा! भर दुकानात तो बिचारा लाजत म्हणला, "मोहिनीबाईंनी तुमाला हुरहूर सांगितलीय." सासरा किती दिवस माझ्याकडं वळून वळून बघत होता… हां, आता हस.

अन् आज मंगलबाई! मागल्या दिवाळीला शेजारी राहायला आलेली बाई… चांगली हाय? असंल. मी कुठं वाईट म्हटलं? या वयात केस लई काळे करती, एवढंच म्हणते.

… काय? परत बोल… ती वाचून दाखवती? कावून? तुला काय झालं?

… मोतीबिंदू?… दोन्ही डोळ्यांत?

… अगं, मग परवा मला कादंबरीतल्या त्या विहिरीचं सगळं सांगत होतीस, ते तिनं वाचलेलं?… अन् ऑपरेशन?… थंडीत. बरं.

मला कावून सांगितलं न्हाई?… मी काळजी केली असती? अगं, मी रागावले असते!… आता पण रागावलेच हाय. एक शब्द दिलास तिला, ते मी गिळलं असतं. तू तर डोळेच तिच्या हवाली केलेस.

… रडू नको, डोळ्यांना बरं न्हाई ते… मी? मी न्हाई रडत. मिरचीचं पोतं उघडलंय इथं.

हे बघ, आजपासून मी वाचीन. फोनवर… तिला काय सांगायचं? सांग, चौसाळ्याच्या शिवकांताचा घसा अजून शाबूत हाय… आत्ता? आत्ता बी वाचते. थांब, चष्मा घेते… गिऱ्हाईक हाय, उभं राहू दे.

हं. ऐक. "धूळ खाली बसली, तरी ती वाटेकडे अनिमिष बघत राहिली."… थांब. अनिमिष. नवा हाय हा! आधी तू सांग, काय असंल?… घाई न्हाई. कर विचार…

… पापणी न हलवता? वा! बसतंय बघ बरोबर…

… मोहिने. हा आवाज तुझा न्हाई.

कोण बसलंय तिथं?… स्पीकरवर टाकलाय? कधीपासून?… म्हंजे केसांचं पण ऐकलं त्यांनी?

… नमस्कार, मंगलबाई. हो… हो, बरी हाय मी… छे छे, बसा की तुमी…

मोहिने, स्पीकर बंद कर… केला?… खरंच?… उद्या दुपारी फोन करते. एकटी बस… अन् ध्यानात ठेव, अनिमिष तुला मी दिलाय, तिनं न्हाई. उद्या वाटी रिकामी आणू नको. ठेवते.