अण्णाजीची विहीर अन् ह्यांचं घड्याळ

...नाई, पण तुम्हीच सांगा ना, सकाळी उठल्यावर बायकोनं नवऱ्याले विचारलं, "काहो, झोप झाली का बरोबर?" तर माणसानं काय म्हणावं? हो म्हणावं, नाई म्हणावं, नुसता आळस द्यावा... आमचे हे काय म्हणते माहीत आहे? "थांब, पाहतो." पाहतो! अहो, झोप तुमची, डोळे तुमचे, रात्रभर घोरले तुम्ही, अन् झोप झाली का नाई ते मनगटाले विचारून सांगता? मग उशीखालचा चष्मा शोधते, बटन दाबते, अन् तोंड पाडून म्हणते, "नाई झाली वं सुधा. घड्याळ म्हणते, काठावर पास." मी शाळेत शिकवते, तुम्हाले सांगते, जन्मभर पोट्ट्याइले मार्क देत आली, पण झोपेत नापास होणारा माणूस माझ्याच पदरात पडावा?

घड्याळ म्हणते! घरात मी म्हणते त्याले काही किंमत नाई, घड्याळ म्हणते ते खरं.

हे म्हणजे आमचे अच्युतराव. वर्ध्यातच नोकरी, काम जमिनीच्या मोजणीचं. शेजाऱ्याशेजाऱ्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोके फुटाची वेळ आली का हे जाते, फीत टाकते, इतकं तुमचं, इतकं त्याचं, चला, सही करा. असा हिशेबी माणूस! अन् पन्नाशी जवळ आली तसं ह्यांच्या अंगात ट्रायथलॉन शिरलं. ट्रायथलॉन म्हणजे काय, तर आधी तलावात पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल चालवायची, अन् मग सायकल फेकून पळायचं. मी म्हणलं, काऊन, पोलीस मागं लागले का?

तर ह्याच्यासाठी म्हणे खास घड्याळ लागते. जीपीएसवालं, आकाशातून पाहणारं. अन् ते निवडता निवडता अख्खा उन्हाळा गेला! मले पाहाले आलते तेव्हा बशीतले पोहे संपायच्या आत हो म्हणलं ह्या माणसानं, अन् घड्याळाले दोन फोनवर दोन फोटो लावून इकडून पाहते, तिकडून पाहते... साकेत म्हणून एक दाताचे डॉक्टर आहेत, ह्यांच्यासंगच सायकल चालवते, त्यांच्याशी रोज तासभर फोन. "साकेतभाऊ, ह्याची बॅटरी तीस तास, त्याची चाळीस." मी म्हणलं, चाळीस तास? तुम्ही वर्ध्यातून पोहत जाऊन समुद्राले लागून राह्यले का? "ह्याच्यात जगातले सगळे गोल्फचे मैदान आहेत!" अहो, आपल्याले भाजीबाजारात गाडी लावाले जागा सापडत नाई, गोल्फचं मैदान सापडून काय करता? "अन् हे बटन पाह्य सुधा! पोहणं झालं का दाबायचं, घड्याळाले कळते आता सायकल. सायकल झाली का दाबायचं, आता पळणं." मी म्हणलं, अन् चहा पायजे असला का कोणतं दाबायचं? तर तोंड फिरवून बसले.

बरं, आलं घरात एकदाचं. तुम्हाले वाटन, पोहताना-पळताना घालत असन. नाव नका घेऊ! आंघोळीले घड्याळ, देवपूजेले घड्याळ, पंगतीत घड्याळ. अन् त्याले एक खोड, माणूस जरासा टेकला का ते गुरगुरते, "हला!" शेजारच्या वासुदेवरावांची आई वारली, आम्ही बसाले गेलतो. सगळे खाली मान घालून गप्प. अन् ह्यांच्या मनगटातून घुर्रर्र... मी डोळे वटारले. ऐकते कोण? हे उठले, अन् पडवीत इकडून तिकडं, तिकडून इकडं, भराभरा येरझारा! मले वाटलं आता धरणी पोटात घेईन तर बरं. अन् वासुदेवराव डोळे पुसत मले म्हणते कसे, "वहिनी, अच्युतरावाले किती लागलं हो आमच्या आईचं... एका जागी बसवत नाई त्यांच्यानं." आता काय सांगता? घड्याळ म्हणते म्हणून चालून राह्यले, असं सांगता?

एक दिवस आर्वी रोडवर सायकल पंचर झाली. कंडक्टरच्या हातापाया पडून सायकल यष्टीत टाकली अन् आले घरी. घड्याळ बंद कराचं राह्यलं! झालं, तिकडं साकेत डॉक्टरांच्या फोनवर ह्यांचा पराक्रम पोचला. लगेच फोन, "अच्युतराव, कमाल केली हो! चढावरबी स्पीड उतरला नाई! खाऊन काय राह्यले आजकाल?" अन् आमचे हे, खरं बोलणारा माणूस बरं का, पण त्या दिवशी लाजून म्हणते, "काही नाई हो... ज्वारीची भाकर."

हसा, हसा. मीबी हसत होती. पण पोहणं आलं अन् माझं हसणं जरा थांबलं... त्याचं कारण आहे.

रोहणा माझं माहेर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीले हे आलते, नवे जावई, कडक इस्त्रीचा सदरा. माझे भाऊ म्हणले, "भाऊजी, चला विहिरीवर." ह्यांले पोहता येत नाई, पण सासुरवाडीत सांगाची लाज! पोट्टे धबाधब उड्या मारून राह्यले, तर ह्यांनीबी डोळे मिटून मारली. खाली गेले ते वर येऊनच नाई राह्यले, बाप्पा! दोघांनी बुड्या मारून धरलं, वरून दोराले बांधून बाज सोडली, अन् आमचे जावई बाजेवर बसून वर आले... सदऱ्यासकट, अन् काठावर अर्धं गाव. अण्णाजी, म्हणजे माझे वडील, चांगला माणूस, ते हसले नाई. पण तेव्हापासून आम्ही कधीबी गावाले गेलो का फाटकातूनच आवाज देते, "अरे, जावईबापू आले, विहिरीकडे जाऊ देऊ नका!" आमची इला मोठी झाली, शिकली, पुण्याले नोकरीले लागली, अण्णाजीचं वाक्य तेच. अन् हे दरवेळी खाली मान घालून चहा पिते. मले एकदा म्हणे, "सुधा, मेडल-बिडल नको मले. अण्णाजीनं एकदा मले पाण्यात पाहावं, अन् भेवू नये. बस."

वर्ध्याच्या टँकमध्ये शिकले बिचारे, लहान पोट्ट्याइच्या रांगेत उभे राहून. जरा जमाले लागलं, तर टँक दुरुस्तीले बंद. मग उरलं काय? अण्णाजीची विहीर! अण्णाजीनं लई वेळ तंबाखूचा खर्रा चघळला अन् म्हणे, "उतरा. पण कमरेले दोर." झालं, दर रविवारी हे दृश्य... खाली विहिरीत माझा नवरा, कमरेले दोर, अन् दोराचं दुसरं टोक निंबाखाली बसलेल्या अण्णाजीच्या हातात. अन् मनगटावर आकाशातून पाहणारं घड्याळ! त्याले विहिरीतून आकाश दिसते टीचभर, ते काय पाहणार? पहिल्याच दिवशी हे वर आले अन् म्हणे, "सुधा, घड्याळ म्हणते मी बाजूच्या वावरात, प्रभाकररावाच्या तुरीत पोहून राह्यलो."

मग साकेत डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घड्याळात टँकवालं पोहणं लावा, त्याले आकाश लागत नाई. ते लावलं, तर घड्याळ विचारते, टँक किती लांब? हे विहिरीतूनच ओरडले, "अण्णाजी, विहीर किती आहे हो? ह्या भिंतीपासून त्या भिंतीलोक?" वरून आवाज आला, "वीस!" ह्यांनी वीस टाकले. लागले पोहाले. ही भिंत, ती भिंत, ही भिंत, ती भिंत... दर रविवारी थोडं जास्त, अन् शेवटी एकदा विहिरीतून अशी आरोळी आली का माझ्या हातची भाकर तव्यावर पडाच्या ऐवजी चुलीत पडली. "सुधाऽऽ! झालं! घड्याळ म्हणते दीड किलोमीटर! शर्यतीत एवढंच असते!"

मग काय विचारता! शर्यत नागपूरच्या पल्याड, एका तलावावर. हे स्वतः रोहण्याले जाऊन अण्णाजीले आमंत्रण देऊन आले, लग्नाचं द्यावं तसं. अण्णाजी आले. धोतर, टोपी, अन् हातात पिशवी. मी म्हणलं, "काय आणलं हो?" उघडून पाह्यते तर काय... दोर! "असू दे," म्हणे. "तलाव मोठा दिसून राह्यला." ह्यांनी पाह्यलं. चेहरा उतरला.

भोंगा वाजला अन् ते शेदोनशे लोकं धबाधब पाण्यात. आधी दिसले मले हे, मग गर्दीत हरवले, मग गर्दी पुढं निघून गेली अन् मागं एकच टोपी उरली. तेच आमचे. मग तर टोपी थांबली! अर्ध्यावर, मधोमध! ह्यांनी मागून सांगितलं ते ऐका... "मी नेहमीएवढा थकलो, म्हणलं आता किनारा आलाच असन. मान वर केली, तर किनारा कुठचा? घड्याळ पाह्यलं. घड्याळ म्हणते, अर्धंच झालं! मले वाटलं घड्याळ बिघडलं." म्हणून हा माणूस तलावाच्या मधोमध पाय मारत बटणं दाबून राह्यला! हे दाब, ते दाब... बचाववाली होडी जवळ गेली, पोरगी ओरडली, "काका, वर येता का?"

अन् इकडं माझ्या बाजूले पाह्यलं तर अण्णाजी नाई. धोतर वर खोचून पाण्यात उतरलते, घोट्याइतक्या पाण्यात, हातात दोर... ऐंशीच्या घरातला म्हातारा! "जावईबापू!" दोर डोक्यावर उचलून धरला त्यांनी. "फेकू का मी?" अहो, दोर तो केवढा अन् तलाव केवढा! पण ह्यांनी ते पाह्यलं. एवढ्या दुरून पाह्यलं. होडीवाल्या पोरीले हातानंच नाई म्हणलं, तोंड पाण्यात घातलं, अन् लागले हात माराले. घड्याळ नाई, बटन नाई. मी तुम्हाले खोटं कशाले सांगू, माझ्या डोळ्याले धार लागली. ह्या माणसाले मी एवढं बोलत असते, पण त्या वेळी मले वाटलं, देवा, तू ह्यांले बाहेर काढ, मी घड्याळाले जन्मात नाव ठेवणार नाई.

निघाले बाहेर. सगळ्यात शेवटी, वेळ संपता संपता, पण आपल्या पायानं. सायकल झाली, पळणंबी झालं, म्हणजे पळणं कशाचं, पाय ओढणं... पण झालं. साकेत डॉक्टर कधीचे जेवून बसलते. झाडाखाली डबे उघडले, अन् ह्यांनी आधी काय केलं? घड्याळ पाह्यलं. मधोमध दाबादाबीत ते एक बटन दाबल्या गेलतं ना! घड्याळ म्हणते, हा माणूस अर्ध्या तलावापर्यंत पोहला, तिथं सायकलवर बसला, अन् पाण्यावरून सायकल चालवत किनाऱ्याले आला. अन् फारच हळू चालवली म्हणे!

हे भडकले. "बिघडलंच आहे! विहिरीत बरोबर दाखवे. वीस मीटरची विहीर, मी स्वतः..."

अण्णाजीचा घास हातातच राह्यला. "मीटर? मीटर कोण म्हणलं?"

"तुम्हीच ना अण्णाजी. वीस."

"हात! वीस हात! विहीर मीटरनं कोण मोजते हो जावईबापू?" अन् कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दाखवलं, हा असा एक हात. दीड फूट! म्हणजे वीस मीटर कुठचे, त्याच्या अर्धेबी भरत नाई! साकेत डॉक्टर ठसका लागून उठून गेले. जिल्ह्याचे धुरे मोजणारा माणूस, घरात फिती तीन, अन् सासऱ्याच्या विहिरीवर एकदा टाकून पाहाले काय झालतं?

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे... मी आजपर्यंत पुरं कधी पोहलोच नव्हतो?"

अण्णाजीनं हातातला घास डब्यात ठेवला. मग पंच्याले तोंड पुसलं, अन् म्हणे, "नव्हते. आज पोहले. अन् आज दोर नव्हता." एवढंच. पुन्हा जेवाले लागले. पण ह्यांचं तोंड पाहाचं होतं तुम्ही, मेडल घालतानाबी एवढं फुललं नव्हतं.

आता संपलं म्हणता? कुठचं! पुढच्याच आठवड्यात अण्णाजीचा फोन. "सुधा, मोटरच्या पाइपाले खाली शेवाळ गुंडाळलं, पाणी खेचून नाई राह्यली. इथच्या पोट्ट्याइच्यानं होत नाई. जावईबापूले पाठवजो. पोहणारा माणूस लागते." पोहणारा माणूस! हे गेले उड्या मारत. त्याच्या पुढच्या रविवारी प्रभाकररावाची बादली पडली. मग कोणाची पाणी भराची गुंडी, कोणाची मोटर, एकदा तर कोणाची बकरी! गावात कोणाच्या विहिरीत काहीबी पडो, अण्णाजी खाटेवरून हुकूम सोडते, "थांबा, आमच्या जावयाले बोलावतो." कालची गोष्ट, पुन्हा अण्णाजीचा फोन, अन् ह्यांले कणकण होती, डोळे लाल. मी म्हणलं, "अहो, आज तरी पडून राहा. मी नाई म्हणत, तुमचं ते घड्याळ म्हणते, आराम करा, बाहेर पडू नका."

तर सायकलवर टांग टाकत मले म्हणते, "घड्याळाले काय कळते? घड्याळाले सासरा आहे का?"