मदतीचं बटण

वाकडच्या थांब्यावर चाकणची बस येत नव्हती. शेजारच्या दोघांचं बोलणं कानावर पडत होतं.

“इरम, कारखान्याच्या स्क्रीनवरचं ‘मदत’ बटण मी दुरुस्त केलं. एकदा दाबलं की सुपरवायझरला तीन-तीन मेसेज जायचे.”

“का जायचे?”

“पान उघडलं की मेसेज पाठवणारा नवा हँडलर, म्हणजे कोडचा तुकडा, बटणाला चिकटायचा, जुना निघायचाच नाही. म्हणून बटणावरचे सगळे काढले आणि माझा एकच लावला.”

“सगळे? अनिश, कंपनीच्या दवाखान्याला कॉल करणारा माझा हँडलर त्याच बटणावर होता.”

“मला कुठं माहीत? टेस्टला मेसेज बरोबर एकच आला.”

“लाइव्ह कधी केलंस?”

“सोमवारी. थांब, लॅपटॉप काढतो. नेट का लागत नाहीये?”

“माझा हॉटस्पॉट घे. लवकर कर ना!”

“अगं, आज शुक्रवार. कुणाची तक्रार तरी आलीय का?”

“दिवसभरात दवाखान्याला कॉल गेला नाही की कारखान्याच्या गेटवरच्या फळ्यावर ‘अपघाताविना दिवस’ एकानं वाढवतात. आजवर तो आकडा दोनच्या पुढं गेला नव्हता.”

“आणि आता?”

“चार. ग्रुपवर फोटो आलाय, सकाळी फळ्याला हार घातलाय त्यांनी.”