ओल्या जोडांचा पूल

मुलीच्या दाखल्यासाठी मी कॉलेजच्या बाकावर बसले होते. शेजारी दोन मुली होत्या आणि एकीच्या मांडीवर आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल.

"दहा मिनिटांत सर यावर वजनं ठेवतील. मोडला तर आपण चौघंही नापास. आणि ते दोघं खुशाल चहा पितायत!"

"अगं, पण हा डावा खांब ओला कसा?"

"काल घरी नेऊन मी सगळे जोड उकलले आणि परत चिकटवले."

"माझा खांबसुद्धा? चार दिवस वाळवला होता मी तो!"

"वाकडा होता."

"वाकडा होता, पण पक्का होता."

"तुम्ही कुणी मनापासून करतच नाही. सगळं मलाच निस्तरावं लागतं."

"आम्ही करतो, तू उकलतेस. त्या दोघांनी कंटाळून हात लावणंच सोडलं. मीच एक वेडी उरले."

"आता काय करू गं?"

"आधी रडू नकोस, पूल आणखी भिजेल. फुंकर घाल. तू तिकडून, मी इकडून."

"दोघींच्यानं नाही वाळायचा."

"मग मार हाक त्यांना."

"येतील?"

"चहा टाकून येतील. फक्त फुंकर कशी घालायची, ते शिकवू नकोस."