शेंदाडाच्या चाळीस बिया

आसिफा : ऑक्टोपसला तीन काळजं असतात.

मोनिका : हं.

आसिफा : मध खराब होत न्हाई. बरणीचं झाकण घट्ट पाहिजे फक्त.

मोनिका : आसिफा.

आसिफा : सत्त्याहत्तर साली सोडलेलं एक यान अजून सिग्नल पाठवून राह्यलंय. त्याची सगळी मेमरी म्हणे आपल्या मोबाईलमधल्या एका फोटोएवढीबी न्हाई. आणि फोन शंभर टक्के चार्ज करू नये. ऐंशीला काढायचा.

मोनिका : आसिफा, इकडं बघ.

आसिफा : वॉम्बॅट नावाचं एक जनावर हाय ऑस्ट्रेलियात. चौकोनी लेंड्या टाकतं. फाशासारख्या. मोना, तू अडीच तास आत होतीस. मी तुझ्या बियाणे कंपनीच्या गेटसमोर स्कुटीवर बसून हेच वाचून राह्यले. तुझ्या तोंडाकडं बघायची हिंमत न्हाई माझ्यात. बघू का?

मोनिका : बघ.

आसिफा : राह्यली नोकरी?

मोनिका : राहिली. उद्या आठची शिफ्ट.

आसिफा : कसम खा.

मोनिका : आधी चहा पाज. सकाळपासून पोटात काही नाही. कसम नंतर खाते.

[गेटसमोरची टपरी. दोन चहा, एक खारीचा पुडा.]

आसिफा : आता सांग. पहिल्यापासून. काही गाळू नको.

मोनिका : आत तिघं होते. भारत सर, म्हणजे आमच्या लॅबचे मोठे साहेब. एक एचआरचा. आणि एक मार्केटिंगमधला, त्याच्या हातात फाइल. फाइलच्या पहिल्याच पानावर तू तुझ्या चॅनलवर टाकलेला फोटो. बी उगवतानाच्या व्हिडिओवरचा.

आसिफा : आग लागो त्या फोटोला.

मोनिका : लाल गोल काढलेला. गोलात नंबर. चव्वेचाळीस सतरा.

आसिफा : तो नंबर मीच मोठा केल्ता, मोना. खरं सांगते. तू लिहिलेला कोपऱ्यात, बारीक. मला वाटलं, नंबर दिसला की लोकांना वाटंल काहीतरी सायन्सचं चालू हाय. लय प्रोफेशनल दिसून राह्यलं होतं.

मोनिका : मी तुला म्हटलं होतं, टाकू नको, मला एकदा बघू दे.

आसिफा : म्हणली होतीस. पण शनिवारी तू गावाकडं गेल्तीस, फोन लागंना. आणि नऊ दिवस, दर दहा मिन्टाला एक फोटो. तेराशेच्या आसपास फोटो, तेबी त्या फुटक्या फोननं. मोबाईल रिपेरिंगवाला सोहेबभाई म्हणत होता, दुकानातली जागा अडवू नको, भंगारात दे. त्याच फोननं एवढं बराबर काम केलं. बी हलतंय, फुटतंय, मान वर काढतंय. माझ्यानं राहवलं न्हाई. रविवार सकाळपर्यंत तीन लाख लोकांनी पाह्यलं. ब्राझीलमधल्या एका माणसानं लिहिलं, माझ्या शेळ्याबी लेंडीतून बी पेरायचं हेच काम करतात, पगार न घेता.

मोनिका : आणि दुसऱ्या कुठल्यातरी बियाणे कंपनीतल्या माणसानं गोल काढून आमच्या धंद्यातल्या लोकांच्या ग्रुपवर टाकलं. हा लॉट कुणाचा, असं विचारून.

आसिफा : आणि तो तुमचाच निघाला.

मोनिका : आमचाच. खरबुजाचं नवीन बी. अजून बाजारात आलेलं नाही.

आसिफा : हे मला अजून कळलेलं न्हाई. ताटात शेंदाडाचं बी, बांधावरच्या त्या कडू रानफळाचं. आबांच्या मेंढरांच्या लेंडीतून आपण दोघींनी मिळून निवडलेलं, नाकाला रुमाल बांधून. मंग त्याच्यावर तुमच्या खरबुजाचा नंबर आला कुठून?

मोनिका : माझ्या हातातून. त्या दिवशी लॅबमध्ये त्या एकाच लॉटच्या अठ्ठेचाळीस गुंडाळ्या केल्या मी. ओला कागद पसरायचा, बिया मांडायच्या, गुंडाळायचा, पेन्सिलनं नंबर टाकायचा. अठ्ठेचाळीस वेळा चव्वेचाळीस सतरा. घरी आले, ताटात ओला कागद पसरला, बिया मांडल्या. हातानं नंबर लिहून टाकला. डोक्याला विचारलंच नाही.

आसिफा : हे सांगितलंस त्यांना?

मोनिका : सांगितलं. एचआरवाला म्हणाला, मॅडम, सगळे हेच म्हणतात. मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? तर त्यानं मार्केटिंगवाल्याकडं बघितलं. मग मार्केटिंगवाल्यानं फाइलमधली दोन पानं काढली. त्यानं तो फोटो एआयला दाखवला होता. एआयनं लिहून दिलं की हे संकरित खरबुजाचं बी आहे, मांडणी प्रशिक्षित माणसाची आहे, आणि नंबरावरून हा न विकलेला वाण असावा. त्यानं त्याची प्रिंट काढली, पंच केली, फाइलला लावली.

आसिफा : मीबी रविवारी विचारलं होतं एआयला. मला म्हणलं, सूर्यफूल हाय.

मोनिका : हे तू मला आत जायच्या आधी सांगायला पाहिजे होतं.

आसिफा : तू बोलत कुठं होतीस. सोमवारपासून तुझं हो आणि नाही एवढंच. मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस.

मोनिका : रागावले होतेच.

आसिफा : अजून?

मोनिका : खारी दे.

आसिफा : मोना, त्यांनी विचारलं का, चॅनल कुणाचं हाय म्हणून?

मोनिका : थांब, आबांचा फोन. स्पीकरवर टाकते, तू पण ऐक. बोला आबा.

त्रिंबक : काय झालं गं बाई? सकाळधरून तुही माय फोनजवळ बसून राह्यली. भाकरी टाकीना.

मोनिका : काही नाही झालं. सगळं ठीक आहे. कामावर ठेवलं.

त्रिंबक : ठिवलं?

मोनिका : हो आबा.

त्रिंबक : मंग एवढे दिवस कशाचं चाल्लं होतं? आपल्या लेंडीनं त्या कंपनीचं काय घोडं मारलं?

मोनिका : त्यांना वाटलं, मी त्यांचं बी घरी आणलं.

त्रिंबक : आपल्यात कुणी दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली का आजवर? आन् मी काल त्या जांबच्या पाटलाला सांगून आलो, औंदा तुमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवीत न्हाई. म्हणलं, उद्या लोक म्हणायचे, याच्या मेंढरांनी आमचं बी खाल्लं आन् याच्या पोरीनं ते लेंडीतून काढून इकलं. बसवलीच न्हाई. चार रात्री बसवायचा पैका गेला, जाऊ दे.

मोनिका : आबा, असं कसं सांगितलं तुम्ही? आता परत फोन करा. म्हणावं, येतो.

त्रिंबक : करतो. पाटील म्हणलाच होता, त्रिंबक, तू खुळा हायेस, पण मेंढरं शहाणी हायेत. कोण हाय तुझ्याजवळ?

आसिफा : मी हाय आबा, आसिफा. सलाम.

त्रिंबक : तूच का ती फोनवाली? बाई, ते पिच्चर मला दावलं शेजारच्या कारभाऱ्यानं. माह्या मेंढरांचं काहीच दावलं न्हाई तू त्यात. निस्तं बी. ज्याच्या पोटातून आलं त्याचं तोंड तर दावायचं.

आसिफा : पुढच्या खेपेला दाखवते, आबा.

त्रिंबक : दाव. ती कपाळावर पांढरा टिक्का असलेली मेंढी हाय, तिचा फोटो घे. ठेवतो मी. हिच्या मायला सांगतो, भाकरी टाक म्हणून.

आसिफा : मला वाटलं आबा मला शिव्या देतील.

मोनिका : हे तुझ्या फोटोमुळं झालं, ते त्यांना कळलंच नाही. बरंच झालं.

आसिफा : मंग पुढं? एआयची दोन पानं टेबलावर. तू काय केलंस?

मोनिका : काही नाही. भारत सर तोवर मोबाईलवर तुझा व्हिडिओ बघत होते. परत परत. एका ठिकाणी थांबवायचे, बोटानं पुढं सरकवायचे, पेन्सिलनं कागदावर काहीतरी लिहायचे. एचआरवाला म्हणाला, सर, व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. सर म्हणाले, पाहिलाय, मोजला नाही.

आसिफा : काय मोजून राह्यले होते?

मोनिका : कोंब. खरबुजाची पहिली मोजणी चौथ्या दिवशी करतात, शेवटची आठव्या दिवशी. लॅबमध्ये आमचं जन्माचं काम तेच. तुझ्या व्हिडिओच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ येतेय ना, ती धरून सरांनी मोजलं. चौथ्या दिवशी चाळीसातले तीन. आठव्या दिवशी नऊ.

आसिफा : तारीख मी काढून टाकणार होते. फ्रेम घाण दिसत होती.

मोनिका : बरं झालं नाही काढली. मग सरांनी रजिस्टर मागवलं. चव्वेचाळीस सतराची उगवण शंभराला एक्क्याण्णव. आणि कायद्यानं खरबुजाचं बी शंभराला साठ तरी उगवायला पाहिजे, नाहीतर विकताच येत नाही. सरांनी मार्केटिंगवाल्याकडं बघितलं आणि विचारलं, हे बी आपलं आहे, असं तुम्हाला लिहून द्यायचंय का?

आसिफा : हाय अल्ला.

मोनिका : तो म्हणाला, नाही सर, तसं नाही. सर म्हणाले, तसंच आहे. हे आपलं असेल तर चाळीसातलं नऊ उगवणारं बी आपण पिशवीत भरून राहिलोय, आणि तीन लाख लोकांनी ते पाहिलंय. ठरवा. चोरी झाली म्हणायची की कंपनी बुडाली म्हणायची.

आसिफा : मंग तो काय म्हणला?

मोनिका : त्यानं ती दोन पानं फाइलमधून काढली. घडी करून खिशात घातली.

आसिफा : म्हणजे तुझी नोकरी कशानं वाचली, तर आपलं बी धड उगवलं न्हाई म्हणून.

मोनिका : हो. आणि पाचव्या दिवशी मी रडकुंडीला आले होते, आठवतं? तू म्हणत होतीस, अजून थोड्या बिया घालू, ताट भरलेलं दिसंल.

आसिफा : तू घालू दिल्या न्हाईस.

मोनिका : मोजून चाळीस मांडल्या की चाळीसच ठेवायच्या. ती सवय पण हाताचीच.

आसिफा : एवढ्यावर एचआरवाला ऐकला?

मोनिका : नाही. तो म्हणाला, जुनं, खराब झालेलं बी पण असू शकतं. मग मी पर्समधून डबा काढला. त्यात उरलेल्या लेंड्या होत्या, तेरा. त्यानं खुर्ची मागं घेतली. सरांनी पांढरा कागद मागवला, चिमटा मागवला, आणि त्या काचेच्या टेबलावर, एसीत, एक लेंडी फोडली.

आसिफा : आणि?

मोनिका : काही नाही निघालं.

आसिफा : मोना.

मोनिका : दुसरी फोडली. त्यातही नाही. तिसरीत दोन निघाल्या. सरांनी लॉटमधलं आमचं बी शेजारी ठेवलं. आमचं मोठं, टपोरं. शेंदाडाचं त्याच्या अर्धं पण नाही. सर म्हणाले, लहानपणी बांधावरचं शेंदाड खाऊन आमची जीभ कडू व्हायची, तरी आम्ही खायचोच. एचआरवाला पुण्याकडचा आहे. त्याला शेंदाड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली.

आसिफा : मी हसू का? की तू मारशील?

मोनिका : हस. मी पण जिना उतरताना हसले. भिंतीला टेकून. मग थोडं रडले, मग तोंड धुतलं, मग गेटवर आले.

आसिफा : शिक्षा काही?

मोनिका : एक पत्र. निष्काळजीपणा. फाइलला लागेल, लागू दे. आणि नंबर झाकायचा.

आसिफा : झाकायचा कशाला, सगळा व्हिडिओच काढते मी. आत्ता. तुझ्यासमोर. चॅनलच बंद करते. मला हा शौक नको आता.

मोनिका : खाली ठेव तो फोन. बंद काही करायचं नाही. सरांनी मला बाहेर येऊन थांबवलं. म्हणाले, लेंडीतून आलेलं बी जास्त उगवतं की फळातून थेट काढलेलं, हे तू लावून बघितलं नाहीस. अर्धंच काम केलंस. दोन्हीच्या चारशे-चारशे बिया लाव, शंभराच्या चार-चार गुंडाळ्या. लॅबच्या बी उगवायच्या कपाटात कोपऱ्यातला एक कप्पा रिकामा आहे.

आसिफा : चारशे बिया म्हणजे किती लेंड्या?

मोनिका : तू हिशोब कर. रुमाल दोन आण.

आसिफा : आणि नंबर?

मोनिका : नंबर सर स्वतः लिहिणार आहेत. म्हणाले, पेन्सिल तुझ्या हातात द्यायची नाही.

आसिफा : चल, सोडते तुला घरी. ओढणीवर चहा सांडलाय, पूस आधी. मोना, आबांचा फोन आला आणि तू सांगायची राह्यलीस.

मोनिका : काय?

आसिफा : चॅनल कुणाचं, ते विचारलं का त्यांनी?

मोनिका : विचारलं.

आसिफा : मंग?

मोनिका : गाडी काढ. ऊन उतरलंय.

आसिफा : मोना, मंग काय सांगितलंस?

मोनिका : सोमवारी सकाळी मी राजीनामा लिहिला होता. पाच ओळींचा. त्यात तुझं नाव नव्हतं. आजही मी ते घेतलं नाही.